लोकसहभागी नगररचना (पुणे)

घर, गल्ली, रस्ता, बाग किंवा अख्खी वस्ती आखताना तिथे राहणाऱ्यांना आणि ती जागा रोज वापरणाऱ्यांना निर्णयात सामील करून घेण्याची रीत. नुसते मत विचारणे म्हणजे सहभाग नव्हे. अमेरिकी नगररचना अभ्यासक शेरी आर्नस्टाइन यांनी १९६९ साली सहभागाची आठ पायऱ्यांची शिडी मांडली. माहिती देणे आणि सल्ला घेणे या तिच्या मधल्याच पायऱ्या आहेत. निर्णयाचा अधिकार खऱ्या अर्थाने लोकांकडे येतो तो वरच्या पायऱ्यांवर. पुण्यातले बरेचसे प्रयत्न मधेच अडकतात, कारण लोकांना उशिरा विचारले जाते.

महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ मधील तरतूद याचे ठळक उदाहरण. कलम २६ नुसार शहराचा प्रारूप (कच्चा) विकास आराखडा प्रसिद्ध होतो आणि ठरावीक मुदतीत हरकती-सूचना मागवल्या जातात. कलम २८ खालील नियोजन समिती सुनावणी घेते. तिच्यात महापालिकेच्या स्थायी समितीचे जास्तीत जास्त ३ सदस्य आणि सरकारने नेमलेले जास्तीत जास्त ४ तज्ज्ञ असतात. पुण्याच्या जुन्या हद्दीचा २००७-२७ चा आराखडा २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला, तेव्हा सुमारे ८७ हजार हरकती-सूचना आल्या. मात्र तोवर रस्त्यांच्या रेषा आणि आरक्षणे (शाळा, बाग अशा सार्वजनिक कामांसाठी राखलेल्या जागा) नकाशावर पडलेली असतात. हरकतीत सर्व्हे नंबर, आरक्षण क्रमांक आणि पर्यायी जागा स्पष्ट लिहिली तर ती तपासता येते. ‘आमचा विरोध आहे’ एवढ्यावरच सह्या केलेले गठ्ठे एकत्र सुनावणीला लागतात आणि एकत्रच निकाली निघतात.

महापालिकेने २००६ पासून सहभागी अंदाजपत्रक सुरू केले. नागरिक क्षेत्रीय कार्यालयात अर्ज भरून आपल्या प्रभागातले काम सुचवतात. एका कामाला ५ लाख रुपयांची मर्यादा. अर्जात ‘फुटपाथ दुरुस्त करावा’ असे मोघम लिहू नये. कोणत्या खांबापासून कोणत्या फाटकापर्यंत, किती मीटर, हे लिहावे आणि फोटो जोडावा. जागा खासगी निघाली, खर्च मर्यादेबाहेर गेला किंवा काम दुसऱ्या खात्याकडचे असले, तर अर्ज बाद होतो. नाकारल्याचे कारण अर्जदाराला कळवलेच पाहिजे. ते कळले नाही, की पुढच्या वर्षी तो माणूस अर्ज करत नाही.

येरवड्यात मात्र सहभाग घराच्या उंबऱ्यापर्यंत पोहोचला. ‘बीएसयूपी’ या शहरी गरिबांना मूलभूत सुविधा देणाऱ्या केंद्राच्या योजनेखाली तिथल्या वस्त्यांमध्ये लोकांना न हलवता, जागच्या जागी पक्की घरे बांधण्यात आली. महिला मिलन हे वस्त्यांतल्या बायकांचे संघटन आणि स्पार्क ही स्वयंसेवी संस्था त्यात होती, वास्तुरचना प्रसन्न देसाई यांच्या कार्यालयाची. कच्ची घरे पाडायची, पक्की तशीच राखायची आणि जुन्या गल्ल्या शक्यतो मोडायच्या नाहीत, हे सूत्र. घर साधारण २७० चौरस फुटांचे, खर्चातला सुमारे १० टक्के वाटा कुटुंबाचा.

अशा कामाची सुरुवात नकाशाने होत नाही. घरोघरच्या मोजणीने होते. मोजणीपत्रक चौकात लावायचे, शेजाऱ्यांनी ते वाचायचे, चुका तिथेच दुरुस्त करायच्या. यादीतून सुटलेले घर नंतर घालणे फार जड जाते. मग फक्की टाकून घराचा आराखडा जमिनीवर खऱ्या मापात आखायचा. २७० चौरस फूट दोन मजल्यांत विभागले तर खाली १३५ उरतात, म्हणजे साधारण १० फूट बाय साडेतेरा फूट. त्यात ३ फूट रुंदीचा जिना आखला, की ओटा, मोरी आणि पाण्याचे पिंप कुठे बसणार याची चर्चा बायकाच सुरू करतात. कागदावरच्या नकाशाला ‘चांगलं आहे’ म्हणणारी माणसे इथे बोलू लागतात. जिना बाहेर काढला तर गल्ली अरुंद होते, म्हणून ती गल्ली वापरणाऱ्या सगळ्या घरांचा होकार त्याच वेळी घ्यावा. सभा सकाळी ११ ला ठेवली तर धुणीभांडी करणाऱ्या बायका कामावर असतात. रात्री ८ नंतरची वेळ बरी.

रस्त्यासाठीही हीच रीत. पदपथाला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी लागते. टेप धरून दुकानदार, पथारीवाले आणि शाळेत जाणारी मुले यांच्यासोबत चालत गेले, की विजेचा फिडर पिलर (वीजपुरवठ्याची उभी पेटी) ६० सेंटीमीटर खातो आणि १.२ मीटरच उरतात, हे सगळ्यांना दिसते. पिलर सरकवायचा की वाहनतळाची पट्टी कमी करायची, हा निर्णय निविदा निघण्याआधीच घेता येतो.

बदल कायमचा करण्याआधी तात्पुरता करून पाहणे हा सर्वांत स्वस्त मार्ग. महापालिकेने ११ डिसेंबर २०२१ रोजी लक्ष्मी रस्त्यावर वाहने बंद ठेवून पादचारी दिन पाळला. अशा दिवशी उत्साहाचे फोटो निघतात, मोजणी राहून जाते. एक दिवस आधी, त्या दिवशी आणि नंतरच्या साध्या दिवशी, त्याच वेळांना पायी माणसे, समांतर गल्लीतली वाहने, माल उतरवणारे टेम्पो आणि दुकानांची विक्री मोजली, तर व्यापाऱ्यांच्या तक्रारीला आकड्यांत उत्तर देता येते. आणि तक्रार खरी ठरली तर टेम्पोची वेळ बदलता येते.