‘व्हेरी’ आणि ‘टू’, दोन्ही म्हणजे ‘खूप’च ना? नाही हो!

“पिक्चर टू गुड होता यार” असं आपण सर्रास बोलतो आणि गप्पांमध्ये त्यानं कुणाचं काही अडत नाही, पण हाच टू पेपरात किंवा ऑफिसच्या मेलमध्ये घुसला की घोळ होतो. मूळ लोचा असा की मराठीत दोन्हीकडे आपण ‘खूप’ म्हणून मोकळे होतो. “चहा खूप गरम आहे”, आता म्हणजे मस्त वाफाळता आहे की तोंडाला लावता येत नाहीये? आपल्याला ते सुरावरून कळतं, इंग्रजीत शब्दच बदलावा लागतो.

‘द टी इज व्हेरी हॉट’ म्हणजे चहा गरम आहे, बास, फुंकर मारून प्या की. पण ‘द टी इज टू हॉट टू ड्रिंक’ म्हणजे इतका गरम की पिताच येत नाही. देवनागरीत दोन्ही टू सारखेच दिसतात, पण पहिला दोन ओवाला आणि दुसरा एका ओचा, आणि त्या पहिल्याच्या पोटात एक ‘नाही’ लपलेला असतो. शाळेत ‘रिमूव्ह टू’ करायला लावतात तेव्हा तोच नाही बाहेर काढायचा असतो: ‘द टी इज सो हॉट दॅट आय कॅनॉट ड्रिंक इट.’ मार्क इथेच जातात. शेवटचा इट सो-दॅटमध्ये हवाच, पण टूवाल्या वाक्यात नको, ‘टू हॉट टू ड्रिंक इट’ चूक. आणि मूळ वाक्यात वॉज असेल तर कॅनॉटचं कुड नॉट करायचं, हे तर निम्मे जण विसरतात.

टूच्या उलट इनफ, म्हणजे आपलं ‘-ण्याइतका’. भारतात 18 वर्षांचा मुलगा ‘ओल्ड इनफ टू व्होट’, 17 चा ‘टू यंग टू व्होट’. फक्त इनफ विशेषणाच्या नंतर येतो, नामाच्या मात्र आधी, ‘इनफ मनी’.

एक गंमत राहिलीच. ‘आय ॲम ओन्ली टू हॅपी टू हेल्प’ यात नाही वगैरे काही नाही, अगदी आनंदानं मदत करतो एवढंच. इथे सवयीनं टू काढून ‘सो हॅपी दॅट आय कॅनॉट हेल्प’ केलंत, तर आनंदाच्या भरात मदतच नाकारलीत!