लघुमूर्तींवरील छायाप्रकाश

लघुमूर्तींवरील छायाप्रकाश : कल्पनारम्य खेळांतले योद्धे, जादूगार, राक्षस, ड्रॅगन यांच्या बोटभर मूर्ती रंगवताना खोलगट भाग गडद आणि उठावाचा भाग उजळ करण्याचे तंत्र. रंगवणाऱ्यांच्या तोंडी ‘शेडिंग’ आणि ‘हायलाइट’ हेच शब्द आहेत. मुघल किंवा राजपूत लघुचित्रांशी या ‘मिनिएचर’चे नाते नावापुरतेच. त्या चित्रांत सावलीला फारशी जागा नसते, इथे सगळा डाव सावलीवरच.

१९७४ साली अमेरिकेत ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ हा खेळ निघाला आणि त्यातली पात्रे टेबलावर मांडायला मूर्ती लागू लागल्या. इंग्लंडात १९७९ मध्ये अशा मूर्ती बनवणारी सिटाडेल मिनिएचर्स ही कंपनी सुरू झाली. १९८३ च्या ‘वॉरहॅमर’ या टेबलावरच्या युद्धखेळानंतर मूर्ती रंगवणे हा खेळाच्या बरोबरीचा छंद झाला. आधी धातूच्या, मग प्लास्टिकच्या आणि आता घरच्या थ्रीडी प्रिंटरवर काढलेल्या रेझिनच्या. उभा माणूस साधारण २८ ते ३२ मिलिमीटरचा असतो.

मूर्तीला स्वतःची सावली असतेच, मग ती रंगवायची कशाला? कारण झग्याची घडी जेमतेम अर्धा मिलिमीटर खोल असते, आणि घरातला उजेड भिंतींवरून, छतावरून उलटून चहूबाजूंनी येतो. एकाच रंगात रंगवलेली मूर्ती हातभर अंतरावरून नुसता रंगीत गोळा दिसते. म्हणून सावली आणि उजेड दोन्ही रंगानेच काढून ठेवायचे, तेही खऱ्यापेक्षा भडक. गोव्यात पेडण्याकडच्या देवळांपुढे रात्री दशावतार पाहिलेल्यांना हे वेगळे सांगायला नको. नटाचे डोळे-भुवया शेवटच्या रांगेतून दिसाव्यात म्हणून रंगपटात जेवढा रंग चढतो, तेवढा जवळून पाहिला तर अति वाटतो.

सुरुवातीची चूक बहुतेकांची एकच: सावलीसाठी काळा आणि उजेडासाठी पांढरा मिसळणे. लालात काळा घातला की रंग मरतो, पांढरा घातला की गुलाबी होतो. लालाची सावली जांभळ्याकडे झुकते आणि उजेड नारिंगीकडे. ताजा रतांबा (कोकमाचे फळ) आणि त्याचेच उन्हात वाळवलेले सोल शेजारी ठेवले तर मूळ रंग आणि त्याची सावली आयती मिळते. वरचा उजेड हवा असेल तर काजूच्या पिकलेल्या बोंडाचा तांबूस पिवळा घ्यावा. पिवळ्याची सावली तपकिरीतून येते. निळ्याला वर नेताना त्यात किंचित आकाशी घालतात, थेट पांढरा नाही.

जादूगाराचा लाल झगा घेऊ. आधी सगळ्यावर गडद लाल, दुधाइतका पातळ करून, दोन हात. मग घड्यांच्या तळाशी लाल-जांभळ्याची रेघ. पुन्हा मूळ लाल घ्यायचा, पण आता तळ सोडून. नंतर थोडा नारिंगी मिसळून फक्त घडीच्या माथ्यावर. प्रत्येक थर आधीच्यापेक्षा अरुंद. खांद्यावर आणि गुडघ्यावर, जिथे कापड ताणलेले असते, तिथे शेवटचा जवळजवळ शुद्ध नारिंगी ठिपका. दोन थरांमधली पायरी दिसत असेल तर मधल्या रंगात भरपूर पाणी घालून, ब्रश कागदावर टिपून, तो सावलीच्या दिशेने ओढायचा. ब्रश जिथे उचलला जातो तिथे रंग सर्वांत जास्त साचतो. ही एक गोष्ट हाताला कळली की अर्धे काम झाले.

‘वॉश’ हा जवळचा रस्ता. पातळ गडद रंग सगळीकडे फिरवला की तो आपोआप खाचांत उतरतो. साखळीचे चिलखत, केस, लोकर यांना तो उत्तम. सपाट झग्यावर मात्र डाग पडतात, कारण सुकताना रंगाचे कण कडेला सरकतात आणि कपाच्या बुडासारखी वर्तुळे उमटतात. गोव्यात त्यात पावसाळ्याची भर. जुलैच्या दमट हवेत ॲक्रिलिक सावकाश सुकतो. अर्धवट सुकलेल्या वॉशला ब्रश लागला की साल निघालीच. त्याच सुस्तीचा एक फायदाही आहे: ओले रंग एकमेकांत मिसळायला चार क्षण जास्त मिळतात. ओल्या स्पंजवरची रंगतबकडी या दिवसांत वाळत नाही, पण तिला बुरशी धरते. काहीजण स्पंजखाली तांब्याचा तुकडा ठेवतात. प्रायमरचा, म्हणजे रंगाआधीच्या अस्तराचा, स्प्रे मात्र पावसाची झड असताना मारूच नये, पृष्ठभाग पांढुरका आणि खरखरीत होतो, आणि त्यावर कितीही चांगले शेडिंग केले तरी तो खरखरीतपणा वर दिसतोच.

उजेड कुठून येतो ते आधी ठरवावे लागते. सोपी युक्ती म्हणजे काळ्या प्रायमरवर फक्त वरून पांढरा फवारा: मूर्ती स्वतःच सांगते कुठे उजेड, कुठे अंधार. त्याचा मोबाइलवर फोटो काढून समोर ठेवतात. काम संपत आले की पुन्हा फोटो, या वेळी कृष्णधवल. त्यात चेहरा आणि झगा सारख्याच राखाडी छटेचे दिसले तर फरक अजून कमी आहे. प्रत्येक कडेला सारखीच उजळ रेघ ओढण्याची सवय मूर्तींच्या जुन्या पेट्यांवरच्या चित्रांनी लावली. पटावर ती उठून दिसते हे खरे, पण पायाच्या बोटांना आणि नाकाला एकच उजेड देणे हा आळसच.

वस्तू कशाची आहे हे रंगापेक्षा उजेडाची कड सांगते. कापडावर ती पसरट आणि मऊ, कातड्यावर ओरखड्यांसारखी, धातूवर अरुंद आणि धारदार. धातूचा रंग न वापरता धातू दाखवायचा असेल तर देवघरातली पितळी समई पाहावी. घासलेल्या पितळेवर जवळजवळ काळा तपकिरी आणि पांढरा अगदी लागून असतात, मधले पिवळे थोडेच.

चवथीच्या आधी गावोगावच्या चित्रशाळांत चिकणमातीच्या गणपतीचे पीतांबर रंगवतात तेव्हाही निऱ्यांच्या खाचा गडद आणि माथे उजळ होतात. तिथे हात सौम्य असतो, कारण मूर्ती मोठी असते आणि समोर बसून पाहायची असते. तैलरंगातला छायाप्रकाश अभ्यासायचा तर सांगे येथे जन्मलेले आंतोनियो झेवियर त्रिंदाद (१८७०–१९३५) आहेत. ‘पूर्वेचा रेम्ब्रांट’ म्हणून ओळखल्या गेलेल्या या चित्रकाराची चित्रे पणजीत फुंदासांव ओरिएंत या पोर्तुगीज संस्थेच्या संग्रहात पाहायला मिळतात.

शेवटी वॉर्निश. मॅट वॉर्निशने सगळा फरक एक पायरी खाली उतरतो, म्हणून शेवटचा हायलाइट डोळ्याला खुपेल इतका उजळ ठेवतात. पावसाळ्यात स्प्रेऐवजी ब्रशने लावायचे वॉर्निश बरे. ते वाळल्यावर डोळे, तलवारीचे पाते आणि जादूगाराच्या काठीवरचा खडा यांना चकचकीत वॉर्निशचा एकेक थेंब.