'गिटार गाण्यासोबत जुळंना' म्हणून दुकानात येण्याआधी हे वाचा
पंक आणि इंडी रॉकची गाणी विचारणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

लातुरात क्लासेस सुरू झाले, हॉस्टेलं भरली, की आमच्या काउंटरवर दोन प्रश्न ठरलेले असतात. पहिला: "सर, पंक-इंडीमधलं एखादं भारी पण सोपं गाणं सांगा ना." दुसरा, आठ दिवसांनी, बहुतेक वेळा त्याच पोराकडून: "सर, गिटार खराब निघाली. गाण्यासोबत जुळंना गेलीय."

पहिल्या प्रश्नाचं उत्तर द्यायला आम्हाला कधीच कंटाळा आला नाही. दुसऱ्यापायी मात्र शनिवार-रविवारची संध्याकाळ जाते, खरंच दुरुस्तीला आलेलं गिऱ्हाईक ताटकळतं, आणि शेवटी आम्ही ट्यूनर (सूर मोजणारं यंत्र) लावून दाखवतो की गिटार ठणठणीत आहे. म्हणून दोन्ही उत्तरं एकाच कागदावर छापली. गाणी खाली आहेत. पण आधी तारांचं वाचा, कारण नुकसान तिथं होतं.

आपण शिकतो ती गिटार ई, ए, डी, जी, बी, ई अशी लावलेली असते. सगळे बँड तशी लावत नाहीत. ग्रीन डेचं 'बास्केट केस' घ्या, १९९४ सालच्या 'डूकी' अल्बममधलं. त्यात गिटारच्या सहाही तारा अर्धा सूर खाली उतरवलेल्या आहेत. तुम्ही व्हिडिओ बघून ई कॉर्ड धरता, म्हणजे पेटीच्या भाषेत पांढरी तीन. रेकॉर्डवर वाजत असते काळी दोन. बोटं बरोबर, गिटार बरोबर, तरी कानाला खटकतं. याच बँडचं 'बुलेवार्ड ऑफ ब्रोकन ड्रीम्स' (२००४) उलटं आहे. तिथं पहिल्या फ्रेटवर (दांड्यावरच्या पहिल्या घरात) कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) लावलेला आहे, म्हणजे पांढरी तीनच्या जागी पांढरी चार. कॅपो न लावता वाजवलं की तुमची गिटार अर्धा सूर खाली ऐकू येणारच.

इथं पोरं काय करतात? कानानं अंदाज घेत खुंट्या पिळतात. गाणं जुळेपर्यंत पिळतात.

गेल्या एप्रिलमध्ये परभणीकडचा एक मुलगा गिटार घेऊन आला. 'बुलेवार्ड'साठी त्यानं सहाही तारा चढवल्या होत्या, आणि कानाचा अंदाज चुकून अर्ध्याऐवजी दीड सूर चढल्या होत्या. खोली पत्र्याची, वरच्या मजल्यावरची. ब्रिजच्या (तारा खाली ज्यात अडकवतात त्या लाकडी पट्टीच्या) मागच्या कडेखाली वहीचं पान सहज आत सरकत होतं. आम्ही त्याच्यासमोर सरकवूनच दाखवलं. तो म्हणाला, "सर, हे आधीपासून असंच होतं का?" नव्हतं, बाबा.

हिशोब साधा आहे. तार अर्धा सूर चढवली की तिच्यावरचा ताण सुमारे १२ टक्क्यांनी वाढतो. बारा नंबरच्या स्टील सेटमध्ये सहा तारा मिळून ब्रिजला ७० किलोच्या वर ओढत असतात. म्हणजे अर्धा सूर चढवला की आठ-नऊ किलो ज्वारीची पिशवी ब्रिजला आणखी बांधली. दीड सुराला तर ताण चाळीस टक्क्यांच्या वर जातो. वरून लातूरचा उन्हाळा. उष्णतेनं गोंद मऊ पडतो, ब्रिज उचलतो. नशीब चांगलं असेल तर त्याआधी पहिली तार तुटते, आणि डोळा वाचला तर तेवढ्यावर भागतं.

आपल्याकडं ही गोष्ट नवी नाही. भजनात बुवांचा आवाज काळी दोनला लागत असेल, तर पेटीवाला कानस घेऊन सूर घासत बसतो का? तो काळी दोन धरतो. गिटारवर पट्टी बदलायला कॅपो आहे. पट्टी वर न्यायची तर कॅपो लावा, खुंटीला हात नको. खाली न्यायची तर तारा उतरवा. उतरवण्यात गिटारला धोका नाही, फार तर जाड तार थोडी भणभणते. 'बास्केट केस'साठी ट्यूनरवर जाड तारेपासून डी शार्प, जी शार्प, सी शार्प, एफ शार्प, ए शार्प, डी शार्प असं दिसलं की थांबा. आणि एकट्यानंच वाजवायचं असेल तर एवढंही नको. नेहमीच्या तारांवर वाजवा, स्वतःच्या आवाजात म्हणा. पकडायला कोण येणार आहे?

आता रील. गेल्या दोन-तीन वर्षांत निम्म्या तक्रारी इथूनच येतात. आर्क्टिक मंकीजची 'फाइव्ह ओ फाइव्ह' आणि 'आय वॉना बी युवर्स' ही दोन गाणी पोरं मोबाइलवर लावून दाखवतात, आणि ती असतात संथ केलेली, घुमवलेली. गाण्याचा वेग कमी केला की सूरही खाली येतो. वेग दहा टक्के कमी केला तर पावणेदोन पट्ट्यांच्या आसपास. म्हणजे सूर धड या पट्टीवर नाही, धड त्या पट्टीवर नाही, दोघींच्या फटीत अडकलेला. नेहमीच्या सेटिंगवरचा कुठलाच ट्यूनर त्याला जुळणार नाही, आम्हीही जुळवत बसत नाही. अल्बममधलं मूळ गाणं लावा. मूळ 'फाइव्ह ओ फाइव्ह' सुरुवातीपासून शेवटपर्यंत डी मायनर आणि ई मायनर या दोनच कॉर्डवर चालतं, २००७ सालचं आहे. दोन कॉर्ड आणि एवढं लोकप्रिय गाणं, यापेक्षा स्वस्त सौदा आमच्याकडं नाही.

'आय वॉना बी युवर्स'ची एक गंमत बहुतेकांना माहीत नसते. त्याचे शब्द मुळात जॉन कूपर क्लार्क यांच्या कवितेतले. सत्तरीच्या दशकात पंक बँडच्या आधी मंचावर उभा राहून कविता म्हणणारा हा इंग्लंडच्या सॅलफर्डचा कवी. पंक आणि इंडीत फरक काय, असं कुणी विचारलं की मी हेच गाणं सांगतो. एकाच घरातली माणसं आहेत, एक जोरात बोलतं, एक हळू.

इंडी म्हणजे इंडिपेंडंट, स्वतःच्या हिमतीवर. मँचेस्टरच्या बझकॉक्स बँडनं जानेवारी १९७७ मध्ये 'स्पायरल स्क्रॅच' ही चार गाण्यांची तबकडी स्वतः काढली, मित्र आणि घरच्यांकडून ५०० पौंड उसने घेऊन. पहिल्यांदा १,००० प्रती छापल्या. त्यातल्या 'बोरडम' गाण्यात गिटारचा सोलो दोनच सुरांचा आहे, तेच दोन सूर पुन्हा पुन्हा. ज्यांना वाटतं की सोलो येत नाही म्हणून आपण मंचावर जाऊ नये, त्यांनी तो ऐकावा. आमच्याकडं पहिल्या महिन्यातल्या पोरांना तोच आधी देतो.

सुरुवात कुठून करायची ते आता. रमोन्सचं 'ब्लिट्झक्रीग बॉप', १९७६. बहुतेक गाणं ए, डी, ई या तीनच कॉर्डवर. न्यूयॉर्कच्या क्वीन्समधली ही चार पोरं. चौघांचं आडनाव एकच रमोन, पण भावकी नाही, ठरवून घेतलेलं. पहिल्या अल्बममध्ये १४ गाणी, मिळून अर्ध्या तासाच्या आत आटोपतात. कॉर्ड सोपे आहेत, उजवा हात सोपा नाही. जॉनी रमोन पिक (तार छेडायची चकती) फक्त वरून खाली मारायचा, वर येताना तार छेडायची नाही, आणि ते सगळं त्या वेगात. दोन मिनिटांच्या गाण्यात मनगट भरून येतं. बाहेरच्या व्हिडिओत वर-खाली मारून दाखवतात, ऐकायला ते मऊ पडतं. आमच्याकडं शिकाल तर खालीच मारावा लागेल. पोरं कुरकुरतात, मग महिन्याभरानं फरक ऐकू येतो.

हॉस्टेलवाल्यांना ॲम्प्लिफायर लावता येत नाही. अभ्यासिकेच्या शेजारची खोली असेल तर मुळीच नाही. त्यांच्यासाठी व्हायोलंट फेम्सचं 'ब्लिस्टर इन द सन' (१९८३). साधी गिटार, साधा बास, ड्रमच्या नावाला जवळजवळ एकच स्नेअर, म्हणजे छोटा ड्रम. अमेरिकेतल्या मिलवॉकीत हे तिघं एका थिएटरच्या बाहेर फुटपाथवर वाजवत होते. १९८१ मध्ये आत कार्यक्रम करायला आलेल्या प्रिटेंडर्स बँडच्या गिटारवाल्यानं त्यांना ऐकलं, आणि बँडनं त्यांना त्याच रात्री मंचावर घेतलं. सुरुवातीची धून जी आणि सी कॉर्डच्या आसपासच फिरते. गाण्याचा अर्थ मात्र घरच्यांसमोर विचारू नका.

निरोप समारंभासाठी दरवर्षी विचारणा होते. ग्रीन डेचं 'गुड रिडन्स' (१९९७) द्या म्हणावं. जी, सी, डी आणि ई मायनर, साधी गिटार, नेहमीच्या तारा, काही उतरवायचं नाही. नावातच थोडा राग आहे, प्रेयसी सोडून गेल्यावर लिहिलेलं गाणं आहे, पण जगभर पोरं सेंड-ऑफलाच वाजवतात. मूळ रेकॉर्ड नीट ऐका. सुरुवातीला वाजवणारा दोनदा चुकतो, पुटपुटतो, मग तिसऱ्यांदा लागतं. त्यांनी ते कापलंसुद्धा नाही.

जरा सवय झाली की अंडरटोन्सचं 'टीनएज किक्स'. उत्तर आयर्लंडमधल्या डेरीची पोरं, १९७८. बीबीसीवरचे जॉन पील यांनी हे गाणं रेडिओवर लागोपाठ दोनदा लावलं होतं, आणि त्यांच्या समाधीच्या दगडावर याच गाण्यातली ओळ कोरलेली आहे. डी कॉर्डपासून सुरू होतं. यात बी मायनर येतो, म्हणजे बार कॉर्ड, एका बोटानं तारा आडव्या दाबायच्या, पहिलं बोट दुखणार. पिक्सीजच्या 'व्हेअर इज माय माइंड' (१९८८) मध्ये तर ई सोडला की सी शार्प मायनर आणि जी शार्प. ते दिवाळीनंतर.

'सेव्हन नेशन आर्मी'बद्दल स्वतंत्र सांगावं लागतं. व्हाइट स्ट्राइप्सचं हे २००३ सालचं गाणं ऐकून दर दोन महिन्यांनी कुणीतरी बास गिटार घ्यायला येतं. त्यात बास नाहीच. या बँडमध्ये दोनच माणसं, गिटार आणि ड्रम. गिटारचा आवाज पेडलनं एक सप्तक खाली उतरवलाय. तुमच्याकडं आहे त्याच गिटारवर पाचव्या तारेवर, म्हणजे ए तारेवर, फ्रेट ७, ७, १०, ७, ५, ३, २ असं वाजवा, ओळखू येईल. बास विकण्यात आमचा फायदा जास्त आहे, तरी सांगतोय.

हिंदीत काही हवं असेल, घरी वाजवलं तर आईलाही कळावं असं, तर द लोकल ट्रेनचं 'छू लो' आणि प्रतीक कुहाडचं 'कसूर'. तारुण्यात कॉलर वर करून फिरलेले एक काका मुलीसाठी गिटार घ्यायला आले होते, ते 'कसूर' ऐकून म्हणाले, हे तर आपलंच वाटतंय. गिटार त्यांनी स्वतःसाठीही घेतली.

आमच्या कामाबद्दल दोन शब्द, कारण यावरून वाद होतात.

ट्यूनिंग तपासून देण्याचे पैसे आम्ही घेत नाही, आमच्याकडून घेतलेली गिटार नसली तरी. पण रीलवर लावून "एवढं जुळवून द्या" हे काम आम्ही करत नाही. अर्धा तास जातो आणि दुसऱ्या दिवशी दुसरं गाणं येतं. कुणाला यात मग्रुरी वाटते. वाटू द्या, ब्रिज वाचतो. उचकटलेला ब्रिज चिकटवायचा तर जुना गोंद खरवडून, क्लॅम्प लावून गिटार तीन दिवस ठेवावी लागते. "संध्याकाळी देता का?" असं विचारू नका. दुसऱ्या दिवशी तारा चढवल्या तर तो परत उचलतो, आणि मग आमचंच काम कच्चं ठरतं.

पेनड्राइव्हमध्ये गाणी भरून मिळत नाहीत. जागा जुनी आहे, पूर्वी इथं कॅसेटी मिळायच्या, म्हणून लोक अजून विचारतात. गाणी ॲपवर ऐका.

कॅपो दीडशे रुपयांपासून आहेत. स्वस्तातला स्प्रिंगचा चालतो, फक्त फ्रेटच्या पट्टीला अगदी खेटून लावा, मध्ये लावला की तार बेसूर होते. क्लिपचा ट्यूनर घेतलात तर उत्तम, नाहीतर मोबाइलवरचा फुकटचा ट्यूनरही पुरे, फक्त पंखा बंद करून वापरा. ज्यांना तारा कायमच अर्धा सूर खाली ठेवायच्या आहेत, त्यांनी एक नंबर जाड सेट लावून घ्यावा, भणभण कमी होते. तो बसवून, नेक (दांडा) बघून देण्याचे वेगळे पैसे होतात. आधी सांगतो, मग हात लावतो.

येताना कागदावर किंवा मोबाइलवर तीन गोष्टी लिहून आणा: गाण्याचं नाव, बँडचं नाव, अल्बम किंवा साल. एकाच गाण्याची दहा रूपं फिरत असतात. 'ते बघा, ते नाही का, ना ना ना वालं' यावर आम्ही पुष्कळ गाणी ओळखली आहेत, पण गर्दीच्या वेळी नको. खुंट्या पिळल्या असतील तर तसं सांगा, कुणी रागावणार नाही. तारा लगेच दोन-दोन फेरे ढिल्या करा आणि तशीच घेऊन या.

दुपारी दोन ते चार दुकान बंद असतं. त्या वेळात आलात तर गिटार उन्हात गाडीला टेकवून ठेवू नका. शेजारच्या झेरॉक्सवाल्याला सांगून ठेवलंय, त्याच्याकडं आत सावलीत ठेवा आणि नाव लिहून जा.