चोलुलाची ३६५ चर्च: आकडा कुठे फसतो?

मेक्सिकोतल्या पुएब्लाजवळच्या चोलुलात ३६५ चर्च आहेत, दिवसाला एक, असं पर्यटकांना सर्रास सांगितलं जातं. प्रत्यक्षात शहरातली मोजली तर संख्या चाळिशीच्या आसपास भरते. १५१९मध्ये इथे कत्तल घडवणाऱ्या कोर्तेस या स्पॅनिश सेनानीने आपल्या राजाला लिहिलं, की एका देवळावरून आपण चारशेहून जास्त मनोरे मोजले. पण ते स्थानिकांच्या देवळांचे! त्यात भर म्हणजे प्रत्येक वस्तीचं आपलं चर्च, आणि काही इमारतींवर घुमटांची गर्दी. एकट्या कापिया रेआल या प्रार्थनागृहावर ४९ घुमट आहेत. घुमट मोजणारा चकणारच.

दुसरा गैरसमज: स्पॅनिशांनी चोलुलाचा महापिरॅमिड पाडून वर चर्च बांधलं. पाडला नाही. कच्च्या विटांचा हा पिरॅमिड इसवी सनापूर्वीपासून थरावर थर चढवत वाढला आणि स्पॅनिश येण्याच्या कित्येक शतकं आधीच ओस पडून गवताखाली जाऊन टेकडीसारखा झाला होता. रेमेदियोसचं चर्च त्या टेकडीवर उभं राहिलं. नांदतं होतं ते केत्सालकोआत्ल या स्थानिक देवाचं देऊळ. ते पाडलं आणि त्या जागी सान गाब्रिएल मठ आला. पिरॅमिडचे थर बघायचे तर १९३१पासून खोदलेले बोगदे आहेत, सुमारे ८ किलोमीटर.