पेंड आधी कोण खातं?

शेंगदाण्याच्या पेंडीचा तुकडा मोडून पाहा. चांगली पेंड कडक तुटते आणि खमंग वास येतो. घाण्यातून तेल निघून गेलं तरी प्रथिनं चोथ्यातच राहतात, उलट तेल गेल्यामुळे त्यांचं प्रमाण वाढतं. दाण्यात साधारण 25 टक्के असलेली प्रथिनं पेंडीत 40 ते 45 टक्क्यांवर जातात.

पण ही पेंड गाईच्या आधी तिच्या पोटातले जंतू खातात. गाईच्या पोटाला चार कप्पे असतात; त्यातल्या पहिल्या, मोठ्या कप्प्यातले म्हणजे कोटीपोटातले सूक्ष्मजीव पेंडीतली बरीचशी प्रथिनं फोडून त्यांचा अमोनिया करतात आणि त्यातून स्वतःचं शरीर घडवतात. हे जंतू पुढे चौथ्या कप्प्यात वाहून जातात आणि तिथे गाय त्यांनाच पचवते. गाईच्या आतड्यापर्यंत पोचणाऱ्या प्रथिनांत बहुतेक वेळा निम्म्याहून अधिक वाटा या जंतूंचा असतो.

म्हणून पेंडीचं खरं मोल मला वाळल्या चाऱ्याजवळ दिसतं. भाताच्या किंवा गव्हाच्या काडात प्रथिनं जेमतेम 3 ते 4 टक्के. एकूण आहारात ती 7 टक्क्यांच्या खाली गेली की जंतूच उपाशी राहतात, काड फुटत नाही, जनावर खातंही कमी. अशा वेळी थोडी सरकी पेंड मिळाली तरी तेच काड जास्त पचू लागतं.

मात्र नुसती पेंड वाढवत नेणं म्हणजे नासाडी. अमोनिया वापरायला जंतूंना ऊर्जाही लागते. ती धान्याच्या भरड्यातून किंवा मळीतून मिळाली नाही, तर उरलेला अमोनिया यकृतात जातो, त्याचा युरिया होतो आणि महागाचं प्रथिन मुतावाटे वाहून जातं.

सरकीत गॉसिपॉल नावाचं विषारी द्रव्य असतं. मोठ्या जनावराच्या कोटीपोटात ते बरंचसं बांधलं जातं. वासराचं कोटीपोट अजून तयार नसतं, त्यामुळे वासरांना सरकी पेंड देऊ नये.

त्याहून मोठी भीती बुरशीची. 1960 साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी दगावले, तेव्हा शोध घेता घेता दोष शेंगदाण्याच्या पेंडीवर येऊन थांबला. त्यातूनच अफ्लाटॉक्सिन या बुरशीच्या विषाची ओळख पटली. हे विष गाईच्या पोटात गेलं की त्याचा काही अंश दुधात उतरतो आणि दूध उकळलं तरी जात नाही. मोडलेल्या तुकड्यात हिरवट भुकटी दिसली किंवा कुबट वास आला, तर ती पेंड गव्हाणीत टाकू नका. चांगल्या पेंडीत थोडी थोडी मिसळून संपवूही नका. आणि डोळ्यांना बुरशी दिसत नसली तरी विष असू शकतं, म्हणून मोठा साठा घेताना नमुना तपासून घ्या आणि पोती ओल्या जमिनीवर न ठेवता फळ्यांवर रचा.