घर बदललं की नमुना ६ नाही, नमुना ८: मतदारयादीतलं घर दुरुस्त कसं करायचं

जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवत असताना काही वर्षं मी मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याचं, म्हणजे बीएलओचं काम केलं. शाळा सुटली की पिशवीत यादी घालून घरोघर फिरायचं. यादीचं एक पान म्हणजे तीस चौकोन. प्रत्येक चौकोनात अनुक्रमांक, ओळखपत्राचा क्रमांक, नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, घर क्रमांक, वय.

एक घर अजून डोळ्यांसमोर आहे. यादीत तिथे पाच मतदार होते. दार आजींनी उघडलं. आजोबांना जाऊन चार वर्षं झाली होती. मुलगी लग्न होऊन दुसऱ्या तालुक्यात गेली होती. धाकटा नोकरीसाठी पिंपरीत, तिथेच घर घेऊन स्थिरावलेला. पाचांपैकी घरात राहत होते दोघेच, आजी आणि थोरला मुलगा. आणि आत चुलीपुढे भाकरी थापणारी सून, जी दोन वर्षांपासून त्या घरात राहत होती, तिचं नाव त्या पानावर नव्हतंच.

यात कुणी लबाडी केली नव्हती. योग्य वेळी योग्य नमुना भरला गेला नव्हता, एवढंच. मतदारयादीत घोळ आहे असं आपण म्हणतो तेव्हा त्यातला फार मोठा भाग अशा घरांमधून तयार झालेला असतो. म्हणून हे एकच घर धरून सगळी प्रक्रिया सांगतो.

मुलगी आणि सून: सगळ्यात जास्त होणारी चूक

मुलीनं सासरी गेल्यावर नमुना ६ भरला होता. नवी नोंद झाली, नवं कार्ड आलं, आणि माहेरची जुनी नोंद तशीच राहिली. झाली दुबार नोंद.

ही चूक होण्याला कारण आहे. १ ऑगस्ट २०२२ च्या आधी एका विधानसभा मतदारसंघातून दुसऱ्यात गेलात तर नमुना ६ च भरावा लागायचा. त्याच मतदारसंघात घर बदललं तर ८-अ नावाचा वेगळा नमुना असायचा. त्या तारखेपासून ८-अ बंद झाला आणि सगळं स्थलांतर नमुना ८ मध्ये आलं. पण लोकांच्या, आणि अर्ज भरून देणाऱ्या बऱ्याच दुकानदारांच्याही डोक्यात अजून 'नवीन गाव म्हणजे सहा नंबर' हेच बसलंय.

नमुना ६ फक्त आयुष्यात पहिल्यांदा नाव घालणाऱ्यासाठी. त्याच्या शेवटी प्रतिज्ञापन असतं की मी प्रथमच नोंदणीसाठी अर्ज करत आहे आणि माझं नाव इतर कुठल्याही मतदारसंघाच्या यादीत नाही. आधीचं नाव असताना त्याखाली सही करणं म्हणजे खोटं लिहून देणं. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५० च्या कलम ३१ नुसार त्यासाठी एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. कलम १७ आणि १८ सांगतात की कुणाचंही नाव एकापेक्षा जास्त मतदारसंघांत किंवा एकाच यादीत दोनदा असता कामा नये. लग्न होऊन आलेली मुलगी काही गुन्हा करायला निघालेली नसते. तिला चुकीचा कागद हातात दिला जातो, याचं मला फार वाईट वाटतं.

सुनेचं नाव तिच्या माहेरी होतं. तिच्यासाठी बरोबर कागद नमुना ८. त्यात चार कामं होतात: पत्ता बदलणं, नोंदीत दुरुस्ती, हरवलेलं किंवा खराब झालेलं कार्ड बदलून घेणं, आणि दिव्यांग असल्याची नोंद. स्थलांतरासाठी जुन्या कार्डाचा क्रमांक आणि नव्या पत्त्याचा पुरावा द्यायचा. अर्ज मंजूर झाला की माहेरची नोंद निघते, सासरची लागते, कार्डाचा क्रमांक तोच राहतो. आडनाव बदललं असेल तर दुरुस्तीसाठीही हाच नमुना आहे. आणि नाव बदलायचं की नाही हा तिचा प्रश्न. माहेरच्या नावानंही सासरच्या पत्त्यावर नोंद राहू शकते.

आजोबा

मयत व्यक्तीसाठी नमुना ७. सोबत मृत्यूचा दाखला जोडायचा. हा अर्ज घरच्यांनीच करायला हवा असं नाही, त्याच मतदारसंघाच्या यादीत नाव असलेला कुठलाही मतदार करू शकतो. पण घरच्यांनी केला तर काम सरळ होतं. मृत्यूच्या नोंदी थेट मिळवून नावं वगळण्याची व्यवस्था निवडणूक आयोगानं २०२५ मध्ये जाहीर केली आहे. तरी दाखला हातात असताना दोन मिनिटांत अर्ज भरून टाकावा. वारसाच्या नोंदीसाठी आपण तलाठ्याकडे जातोच ना, तेव्हाच हेही करावं.

नमुना ७ ला दुसरी बाजू आहे आणि ती जपून वापरायची. दुसऱ्याचं नाव काढा असं म्हणताना तुम्ही स्वतःच्या सहीनं जबाबदारी घेता. ज्याचं नाव निघणार त्याला नोटीस आणि म्हणणं मांडायची संधी द्यावी लागते. परस्पर कुणाचं नाव उडवता येत नाही. तुमच्या दाराशी अशी नोटीस आली तर ती बाजूला ठेवू नका, दिलेल्या तारखेला कागद घेऊन हजर राहा.

धाकटा, चाकरमानी आणि ऊसतोड

धाकट्यानं काहीच केलं नव्हतं. "गावाला नाव राहू दे, मतदानाला येतो की," असं तो फोनवर म्हणाला. कोकणात आणि घाटावर हे घरोघरी ऐकायला मिळतं. यामागची माया मला कळते. पण कायदा विचारतो की तुम्ही 'सामान्यतः रहिवासी' कुठले. कलम २० स्पष्ट सांगतं की एखाद्या ठिकाणी घर मालकीचं आहे एवढ्यानं माणूस तिथला रहिवासी ठरत नाही. धाकटा पिंपरीत संसार मांडून राहतो, तर त्याचं नाव पिंपरीत हवं. नमुना ८.

तेच कलम उलट दिशेनंही संरक्षण देतं, आणि ते लोकांना माहीतच नसतं. तात्पुरतं बाहेर गेल्यानं रहिवास संपत नाही. बीड जिल्ह्यातलं ऊसतोडीचं कुटुंब दिवाळीच्या सुमाराला कारखान्यावर जातं आणि हंगाम संपल्यावर परततं. दाराला कुलूप दिसलं म्हणून त्यांना 'स्थलांतरित' लिहिणं चूक आहे. शेजाऱ्यांनी बीएलओला हे ठामपणे सांगावं. वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्याला घरचा पत्ता ठेवता येतो किंवा संस्थेच्या प्रमुखाचा दाखला जोडून वसतिगृहाच्या पत्त्यावर नोंद करता येते. कुठलंही एकच.

नवा मतदार: पात्रता आणि कागद

भारताचा नागरिक, त्या मतदारसंघात राहणारा, आणि अर्हता दिनांकाला १८ वर्षं पूर्ण. पूर्वी अर्हता दिनांक १ जानेवारी एकच होता. जानेवारीच्या २ तारखेला जन्मलेल्या मुलाला जवळजवळ वर्षभर थांबावं लागायचं. आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा आहेत. १७ पूर्ण झालेल्यांना आगाऊ अर्ज करता येतो, पात्रतेची तारीख आली की नाव लागतं.

वयाच्या पुराव्यासाठी जन्मदाखला, आधार, पॅन, वाहन परवाना, दहावी-बारावीचं जन्मतारीख असलेलं प्रमाणपत्र किंवा पासपोर्ट चालतो. पत्त्यासाठी पाणी, वीज किंवा गॅसचं बिल, आधार, बँकेचं किंवा पोस्टाचं पासबुक, पासपोर्ट, जमिनीचे महसुली कागद, नोंदणीकृत भाडेकरार किंवा खरेदीखत. बिल तुमच्याच नावावर हवं असं नाही, आईवडिलांच्या किंवा नवऱ्याच्या नावावरचं चालतं. यातलं काहीच नसेल तर अर्ज नाकारत नाहीत, बीएलओ प्रत्यक्ष येऊन खात्री करतो. उघड्यावर राहणाऱ्यासाठी तो रात्री त्या जागी जाऊन बघतो की माणूस खरंच तिथे झोपतो का. पांढऱ्या पार्श्वभूमीचा रंगीत फोटो लागतो. आधार क्रमांक देणं ऐच्छिक आहे, तो दिला नाही म्हणून कुणाचं नाव वगळता येत नाही.

एक बारीक गोष्ट, जी मी प्रत्येक घरी सांगायचो. नाव मराठीत आणि इंग्रजीत, दोन्हीकडे स्वतः वाचून बघा. संगणक इंग्रजीवरून मराठी करतो तेव्हा 'साठे'चं 'साथे' होतं, 'कदम'चं 'कदाम' होतं, 'बाळू'चं 'बालू'. अर्ज पाठवण्याआधी मराठी रकान्यात हातानं दुरुस्त करता येतं. ते अर्धं मिनिट वाचवलं तर पुढे नमुना ८ आणि पुन्हा सगळी वाट बघणं आलं.

परदेशात असलेल्या भारतीय नागरिकासाठी नमुना ६-अ आहे. पासपोर्टवरच्या भारतातल्या पत्त्यावर नोंद होते, मतदानाला मात्र मूळ पासपोर्ट घेऊन स्वतः यावं लागतं. दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलेल्यांना ही सोय नाही.

अर्ज कुठे आणि पुढे काय

निवडणूक आयोगाच्या मतदार सेवा पोर्टलवर किंवा मोबाइल अॅपवर, नाहीतर बीएलओकडे कागदावर. आपला बीएलओ कोण हे पोर्टलवर कळतं, १९५० या क्रमांकावरही विचारता येतं. तहसील कार्यालयात निवडणूक शाखा असते, तिथेही अर्ज घेतात. संदर्भ क्रमांक किंवा पोच जपून ठेवा. आलेल्या अर्जांची यादी लावली जाते, हरकतीला सात दिवस असतात, बीएलओ घरी येतो आणि मतदार नोंदणी अधिकारी निर्णय देतो. निर्णय पटला नाही तर १५ दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील, आणि त्यावर ३० दिवसांत राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे दुसरं अपील.

ग्रामपंचायत किंवा महापालिकेची निवडणूक लागली की लोक नाव घालायला तिथल्या कार्यालयात धावतात. तेव्हा उशीर झालेला असतो. राज्य निवडणूक आयोग विधानसभेचीच यादी घेऊन ती प्रभागांत विभागतो, नवं नाव घालत नाही. प्रभाग चुकला, किंवा विधानसभेच्या यादीत असलेलं नाव प्रभागाच्या यादीत सुटलं, तर तिथे हरकत घेता येते. नाव मुळात विधानसभेच्या यादीत लागतं. आणि विधानसभा किंवा लोकसभेची निवडणूक लागल्यावर उमेदवारी अर्जाची शेवटची तारीख उलटली की यादी गोठते, नाव घालणं, हलवणं, काढणं सगळं थांबतं. हातात कार्ड आहे आणि यादीत नाव नाही, अशा माणसाला मतदान करता येत नाही. यादीत नाव असून कार्ड नसलेला मात्र आयोगानं ठरवलेलं दुसरं ओळखपत्र दाखवून मतदान करू शकतो.

अर्ज मंजूर झाल्याचा संदेश आला तरी काम संपलं असं समजू नका. प्रसिद्ध झालेल्या यादीत आपला भाग क्रमांक उघडा आणि शेवटची पुरवणी बघा. नवी नावं तिथे असतात, आणि वगळलेल्या नावांपुढे कारणाचं इंग्रजी अक्षर असतं: मयताला 'ई', स्थलांतरिताला 'एस', दुबार नोंदीला 'आर'. त्या आजींच्या घराचं काम पुरं व्हायला दोन पुरवण्या लागल्या. पहिलीत आजोबांच्या नोंदीपुढे 'ई' लागला आणि सुनेचं नाव आलं. पण तिच्या नवऱ्याचं नाव एका काना-मात्रेनं चुकलं होतं. ते दुसऱ्या पुरवणीत सुधारलं.