लडाखच्या खेड्यांतील हिवाळा

लडाखच्या खेड्यांतील हिवाळा : नोव्हेंबर ते मार्च या काळात लडाखमधील शेतीची कामे पूर्ण थांबतात. उरतात ती घर, जनावरे आणि सणवार. बर्फ सगळीकडे सारखा पडत नाही. लेहच्या आसपास (उंची सुमारे ३,५०० मी.) वर्षाचा पाऊस आणि बर्फ मिळून १०० मिमी.च्या आगेमागे भरतो; तिथे बर्फापेक्षा थंडीच जास्त, जानेवारीत रात्रीचा पारा उणे १५ अंशांच्या घरात जातो. द्रास आणि झंस्कारमध्ये मात्र रस्ते खरोखर गाडले जातात.

हा हिवाळा निभावणार की नाही, हे सप्टेंबरातच ठरलेले असते. लसूणघास आणि सातूचा पेंढा वाळवून छपरावर रचतात. अर्धवट ओला घास रचला तर गंजीच्या पोटात बुरशी धरते आणि ते कळते थेट फेब्रुवारीत. चारा मार्चआधी संपला तर फार वाईट, कारण शेळ्यामेंढ्या विण्याची आणि झो (याक व गाय यांचा संकर) नांगराला जुंपायची वेळ तेव्हाच तोंडावर आलेली असते. सरपण म्हणजे उन्हाळाभर कुरणांतून वेचून वाळवलेले शेण. बटाटे, गाजरे, सलगम जमिनीतल्या खड्ड्यात मातीखाली ठेवतात. जर्दाळू आणि पालेभाज्या वाळवलेल्या असतात. भाजलेल्या सातूचे पीठ, थुक्पा (शेवयांसारखे तुकडे घातलेले गरम सूप) आणि लोणी-मीठ घालून घुसळलेला चहा यांवर रोजचे भागते.

घराचे छप्पर सपाट : पॉप्लरच्या तुळया, त्यांवर विलोच्या काटक्या, मग गवत आणि शेवटी मातीचा थर. म्हणून बर्फ पडला की त्याच सकाळी तो लाकडी फावड्याने खाली लोटावा लागतो. लोखंडी फावडे मातीचा थर खरवडते. आळस केला तर दुपारच्या उन्हात बर्फ वितळून पाणी मुरते, रात्री गोठते, पुन्हा वितळते आणि तुळया कुजू लागतात. संडास दुमजली आणि कोरडा असतो. वरच्या खोलीच्या जमिनीला भोक, शेजारी माती-राखेचा ढीग. प्रत्येक वेळी फावडेभर माती लोटायची. खालचे खत वसंतात शेतात जाते. सवयीने पाणी ओतणारा पाहुणा इथे खरी अडचण करतो, कारण ते पाणी गोठून ढीग दगडासारखा होतो. नळ तर गोठलेलेच असतात. पाणी न गोठणाऱ्या झऱ्यावरून किंवा ओढ्याचा बर्फ फोडून आणतात.

झंस्कारच्या जुन्या घरांत कुटुंब थंडीत खालच्या मजल्यावरच्या, गोठ्यांनी वेढलेल्या लहान खोलीत राहायला येते. जनावरांची ऊब भिंतीतून मिळते. गाईला छांगचा (सातूची बिअर) चोथा कोमट पाण्यात कालवून देतात. शेळ्यामेंढ्यांना दुपारच्या उन्हात डोंगरउतारावर सोडतात आणि सूर्य कड्याआड जाण्यापूर्वी कोंडवाड्यात परत आणतात.

हा कोंडवाडा हिवाळ्यातली सर्वांत नाजूक जागा. बर्फ वाढला की भरल (निळी मेंढी) आणि आयबेक्स (रानबकरा) चाऱ्यासाठी खाली उतरतात, त्यांच्यामागे हिमबिबट्या येतो. जानेवारी ते मार्च हा त्याचा माजाचा हंगाम असल्याने त्याच्या हाकाही याच दिवसांत ऐकू येतात. २०२४ मध्ये जाहीर झालेल्या देशव्यापी गणनेनुसार भारतात ७१८ हिमबिबटे असावेत, त्यांतले ४७७ लडाखमध्ये. छपरातल्या फटीतून हिमबिबट्या आत उडी मारतो, पण भिंत चढून लगेच बाहेर पडू शकत नाही. बिथरलेला कळप चारी बाजूंना धावतो आणि तो दिसेल त्यावर झडप घालत राहतो. एका रात्रीत डझनभर मेंढ्या मेल्याचे प्रकार म्हणूनच घडतात. भूक एका मेंढीने भागली असती. उपाय स्वस्त आहे : भिंती उंच करायच्या, वर तुळया टाकून तारेची जाळी ठोकायची आणि दार चौकटीत घट्ट बसेल असे करायचे. चुका बहुधा दोनच होतात. सैल जाळी बर्फाच्या ओझ्याने लोंबते आणि कडेला फट पडते. किंवा बाहेरून भिंतीला लागून साचलेला बर्फ कोणी उपसत नाही आणि त्यावर पाय देता आल्याने भिंत आपोआप बुटकी ठरते.

पूर्वी लांडग्यांसाठी ‘शांगदोंग’ खणत. आत झुकलेल्या दगडी भिंतींचा हा खड्डा. आमिषाला शेळी सोडायची, उतरलेला लांडगा वर चढू शकत नसे. आता ही पद्धत मागे पडली आहे. १९८१ साली स्थापन झालेल्या हेमिस राष्ट्रीय उद्यानातले रुंबाक आणि लेहच्या पश्चिमेचे उले या गावांत हिमबिबट्या पाहायला फेब्रुवारीत पाहुणे येतात, त्यांत महाराष्ट्रातले छायाचित्रकारही असतात. घरगुती मुक्कामाचे पैसे गावातच राहत असल्याने मेलेल्या मेंढीचा राग थोडा निवळतो.

खरा वाढता उपद्रव कुत्र्यांचा आहे. मांजर धान्याच्या कोठीत उंदरांसाठी आणि राखणीचा कुत्रा कळपासाठी, एवढीच जुनी गरज. लष्करी छावण्या आणि पर्यटक-तळांच्या उष्ट्यावर मोकाट कुत्री वाढली. उन्हाळी तळ बंद झाले की त्यांच्या भुकेल्या टोळ्या मेंढ्यांवर आणि कधी माणसांवरही तुटून पडतात. कचरा उघड्यावर राहतो तोवर नुसत्या नसबंदीने हे आटोक्यात येणे कठीण दिसते.

गाण्याबजावण्याचा हंगामही हाच, कारण हात मोकळे असतात. लग्ने, डिसेंबरच्या सुमारास येणारा लडाखी लोसर (नववर्ष), स्पितुक मठाचा गुस्तोर आणि लेहचा दोस्मोछे हे उत्सव, सगळे थंडीत. लोसरला कणकेचे आयबेक्स करतात आणि अंधार पडल्यावर पेटत्या मशाली गरगर फिरवून गावाबाहेर फेकतात. केसर या वीर राजाची गाथा तर हिवाळ्यातच सांगायची असा दंडक आहे. मुख्य वाद्ये दोन, दमन आणि सुरना. दमन म्हणजे दोन काठ्यांनी वाजवायच्या नगाऱ्यांची जोडी, आपल्या संबळाची थोरली बहीण म्हणावी अशी. दमट झालेले कातडे सैल पडून आवाज बसतो, म्हणून वादक आधी ते शेकोटीजवळ किंवा उन्हात तापवतो. फार जवळ धरले तर ते कडक होऊन तडकते. सुरना सनईच्या कुळातली. गालात हवा साठवून नाकाने श्वास घेत वादक सूर अखंड ठेवतो. उघड्या अंगणात त्याच्या श्वासाची वाफ पातीवर (सुरनाच्या तोंडाची कंप पावणारी पट्टी) गोठते आणि सूर फाटतो, म्हणून जादा पाती अंगरख्याच्या आत उबेला ठेवलेली बरी.

हे वादन परंपरेने मोन समाजाकडे आहे. त्यांच्यावाचून लग्न लागत नाही, पण पंगतीत त्यांची जागा सर्वांत खाली. अनेक मोन तरुणांनी दमनकडे पाठ फिरवली त्यामागे हा अपमान आहे. पंगतीतली जागा तशीच ठेवून नुसते मानधन वाढवल्याने ते परत येतील, अशी अपेक्षा करण्यात अर्थ नाही.